आजी कोणत्या आकड्यात आहे?

आजीला जन्मसाल विचारलं की ती म्हणते, "पोर्तुगीज होते, भाताची लावणी चालली होती." एवढंच. तिचं वय काढायला म्हणून मी इथे डोकमर्डीत दादरा-नगर हवेलीच्या जनगणनेचे जुने आकडे घेऊन बसले, आणि शिकायला मिळालं ते वेगळंच. तेच मंडळाच्या वाचकांपुढे ठेवते.

भारताच्या जनगणना-तक्त्यात आपली लोकसंख्या अशी दिली आहे : १९४१ साली ४०,४४१, १९५१ साली ४१,५३२, १९६१ साली ५७,९६३.

आता जरा थांबा. १९५१ साली इथे भारताचा प्रगणक आला कसा? नगर हवेली १७८३ साली आणि दादरा १७८५ साली पोर्तुगिजांकडे गेलं. मुक्ती मिळाली १९५४ मध्ये, भारतात रीतसर विलीनीकरण झालं १९६१ मध्ये. म्हणजे १९५१ चा आकडा पोर्तुगिजांचाच. त्यांनी गणती केली १९५० साली. आपल्या तक्त्यात ती जवळच्या सालाखाली बसवली आहे. तसाच १९४१ चा आकडा १९४० चा, आणि १९६१ चा मार्च १९६२ चा. पहिला धडा हा : कोणी मोजलं आणि नेमकं कधी, ते आधी विचारा.

दुसरा धडा वाढीचा. १९४० ते १९५० या दहा वर्षांत माणसं वाढली १,०९१. पुढच्या बारा वर्षांत १६,४३१. मुक्ती आली, भरभराट झाली, असं म्हणायचा मोह होतो. पण यात किती जन्मले, किती बाहेरून आले आणि आधीच्या मोजणीत पाड्यांवरचे किती सुटले होते, हे आकडा एकटा सांगत नाही. करवसुली आणि मोजणी एकाच सरकारच्या हातात असली की माणूस मोजणाऱ्यापुढे यायला कचरतो.

तिसरा धडा रकान्यांचा. शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात आदिवासींच्या धर्माला १८९१ च्या जनगणनेत 'ॲनिमिस्टिक' म्हटलं, १९३१ मध्ये 'ट्रायबल'. वारल्यांचे हिरवा आणि वाघदेव होते तिथेच होते. बदललं ते सरकारी नाव.

मग हे आकडे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. राज्यकर्त्याला काय पाहायचं होतं, याची ती पक्की साक्ष आहे. फक्त तिच्या शेजारी महसुलाची दप्तरं, चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही आणि घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवून वाचायला हवं.

आजी सांगते, मुक्तीच्या वर्षी ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरायची. म्हणजे आठ-दहा वर्षांची असेल. तर ४०,४४१ मध्ये ती नाही, ४१,५३२ मध्ये असायला हवी. मोजणाऱ्याची पावलं तिच्या पाड्यापर्यंत पोचली असतील, तर.

तुमच्याही घरी विचारून बघा. जन्मसाल नको, "मुक्ती झाली तेव्हा तू काय करत होतीस?" असं विचारा.