नवी गाडी परत परत बिघडते? जॉब कार्ड काढा बरं



मागच्या बैठकीत बेस्याच्या एका गटात एका ताईचा अंतर्गत कर्जाचा हप्ता दुसऱ्यांदा राहिला. ही ताई कधी मागे राहत नाही, म्हणून अध्यक्षताईंनी विचारलं. तेव्हा कळलं की पाच महिन्यांपूर्वी घरी घेतलेली नवीकोरी व्हॅन चार वेळा वर्कशॉपला जाऊन आली. सकाळी मानेवाड्याकडे डबे पोहोचवायचे आणि बाकी वेळ घरच्यांसाठी, अशा हिशेबानं घेतलेली गाडी. पण इंजिन गरम झालं की बंद पडते. गाडी वर्कशॉपला राहिली की डब्यांसाठी ऑटो करावा लागतो, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. गटाचा हप्ता त्यातच गेला.

मी कागद पाहायला मागितले. चार जॉब कार्डं निघाली. त्यातल्या तिनांवर एकच ओळ होती, ‘जनरल चेकअप व वॉशिंग’. गाडी बंद पडते हे कुठेच नाही! ताई म्हणाली, “मी त दरवेळी सांगतलं ना जी तोंडानं. तो पोरगा हो हो म्हणे.”

म्हणजे कागदाच्या हिशेबानं गाडी तीनदा फक्त धुवायला गेली होती. एमएसडब्ल्यूला आम्ही ग्राहक कायद्याचं साल पाठ केलं होतं, पण जॉब कार्ड काय असतं ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज तिथूनच सुरुवात करते.

गाडी वर्कशॉपला दिली की ते लोक जो कागद भरतात तो जॉब कार्ड. त्यावर तारीख, किलोमीटर आणि तुमची तक्रार असते. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘वीस मिनिटं चालल्यावर बंद पडते, अर्धा तास सुरू होत नाही.’ इंग्रजीत लिहिलं तर मुलीकडून वाचून घ्या, मगच सही करा. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ अशा ओळीखाली सही मागतात. आधी गाडी चालवून पाहा. खोट तशीच असेल तर तिथंच तसं लिहा. गाडी बंद पडली की मोबाइलवर व्हिडिओ काढा, मीटरसकट. टोइंगची पावती ठेवा. सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि वॉरंटी असेपर्यंत बाहेरच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडू नका, नाहीतर सगळं खापर तुमच्यावर फुटतं.

दोन-तीनदा होऊनही खोट तशीच राहिली तर शोरूम आणि कंपनी दोघांनाही लेखी तक्रार द्या. दोघांनाही का, ते गोव्यातल्या एका प्रकरणावरून कळतं. एका ग्राहकानं 2011 चं मॉडेल म्हणून कार घेतली, ती निघाली 2009 ची. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 2021 मध्ये कोर्टानं म्हटलं की ही चूक विक्रेत्याची, कंपनीला ते माहीत होतं असं दिसत नाही, म्हणून कंपनी जबाबदार नाही. उलट बनावटीतली खोट असेल तर कंपनी लागतेच. आपल्याला आधी कळत नाही चूक कोणाची, म्हणून नाव दोघांचं घालायचं.

त्यानंतर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडे पाठपुरावा करतात, पण आदेश देऊ शकत नाहीत. आदेश देतो जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला नागपूरलाच. शोरूम कुठलंही असो. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना 200 रुपये. वकील लागतोच असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेवढी विसरू नका.

“गाडीवर धंदा करतो, मग आम्ही ग्राहक कसे?” हाही प्रश्न बैठकीत आला. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. आपली डब्यावाली ताई त्यातच बसते.

आता एक कडू गोष्ट. “गाडी परत घ्या, नाहीतर नवी द्या” हे सहज मिळत नाही. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका कारच्या क्लचच्या प्रकरणात सांगितलं होतं, वॉरंटीत खराब भाग बदलून देण्याचं लिहिलं असेल तर तेवढंच द्यावं लागतं, अख्खी गाडी नाही. नुकसानभरपाई मात्र मिळू शकते. पूर्ण गाडीच सदोष आहे म्हणायचं तर तज्ज्ञाची तपासणी लागते, आणि ती आयोगामार्फत मागता येते. तिथं आपली जॉब कार्डं कामी येतात.

रागाच्या भरात बँकेचा हप्ता बंद करू नका. कर्ज बँकेचं आहे, भांडण शोरूमशी. हप्ता थांबला तर गाडीही जाईल आणि पुढचं कर्जही.

आपल्या ताईनं पाचव्यांदा गाडी नेली तेव्हा गटातल्या दोघी सोबत गेल्या. सुपरवायझर म्हणाला, एवढं लिहायची गरज नाही. ताईनं पेन मागितला आणि स्वतः चार ओळी मराठीत लिहिल्या. कंपनीला ईमेल तिच्या बारावीतल्या पोरीनं केला. गाडी अजून तिथंच आहे, आज आठवा दिवस. गटानं ठराव करून तिचे दोन हप्ते पुढं ढकलले, दंड लावला नाही. ऑटोच्या पावत्या ती आता बचतीच्या पासबुकातच ठेवते.