दोन सुलट, दोन उलट

गिरगावात थंडी अशी फारशी पडतच नाही. पौष-माघाच्या पहाटे ठाकुरद्वाराच्या किंवा फणसवाडीच्या रस्त्याने एखादे वृद्ध गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून फिरावयास निघालेले दिसतात खरे. परंतु ऊन वर येते न येते तोच तो मफलर गळ्यावरून खांद्यावर आणि खांद्यावरून हातावर येतो. मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले नीचांकी तापमान 7.4 अंश सेल्सिअस इतके आहे आणि तो दिवस होता 22 जानेवारी 1962. पाणी गोठण्यासाठी पारा शून्यावर यावा लागतो. तेव्हा या शहराला खऱ्या थंडीची ओळख नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि याच गिरगावातील चाळींच्या सज्जांत दुपारच्या वेळी लोकरीचा गुंडा आणि दोन सुया घेऊन बसलेल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या दिसत आल्या आहेत. लोकरीचे हे विणकाम आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात युरोपीय व अमेरिकन स्त्रियांबरोबर आले आणि मुलींच्या शिक्षणाबरोबर पसरले. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडूमल यांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन ही संस्था स्थापन केली. गिरगावाला लागून असलेल्या गावदेवीतील या संस्थेने अक्षरांबरोबर हस्तव्यवसायही शिकविले. पुढे बाळंतविड्यात कुंची-टोपड्यांच्या शेजारी लोकरीचे इवलेसे मोजे येऊन बसले. विणणारीला स्वतःला लोकरीची गरज नव्हती. ती दुसऱ्या कोणाच्या तरी उबेसाठी विणीत होती. या कलेचे मर्म येथेच आहे.

आता वसंतातील सुट्टीचा विचार करा. गुढीपाडवा होतो, परीक्षा संपतात, आणि गिरगावातील घरांत आंब्याच्या पेट्या येऊ लागतात. याच दिवसांत अनेक तरुण पाठीवर पिशव्या टाकून हिमालयाकडे निघतात. मुंबईतील गिर्यारोहकांची ‘गिरिविहार’ ही संस्था 1954 मध्ये सुरू झाली. एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे यांनी 29 मे 1953 रोजी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. चैत्र-वैशाखात मुंबई घामाने निथळत असते, तेव्हा हिमालयातील उंच खिंडींत बर्फ नुकते वितळू लागलेले असते. सकाळी ते कठीण असते. दुपारी मऊ होते आणि पाऊल घोट्यापर्यंत आत जाते. मग बुटाच्या काठावरून बर्फाचे कण आत शिरतात, वितळतात आणि मोजे ओले होतात. ओला पाय फार लवकर गार पडतो, आणि फार वेळ गार पडलेल्या बोटांना हिमदंश होण्याची भीती असते.

यासाठी डोंगरातील लोकांनी फार पूर्वी एक साधा उपाय योजिला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ते लोकरीची लांब पट्टी गुंडाळीत. इंग्रज सैन्याने ही पट्टी येथूनच उचलली, तिचे नावही उचलले, आणि पहिल्या महायुद्धात निरनिराळ्या देशांच्या सैनिकांच्या पायांत ती दिसू लागली. आपण विणणार आहोत ती पट्टी तिचीच लहान बहीण म्हणता येईल. ती गुंडाळावी लागत नाही. बांगडीसारखी ती पोटरीवर चढविली, की तिचा खालचा भाग बुटाच्या काठात जातो व वरचा भाग काठावर उभा राहतो. बूट आणि पाय यांच्यामधील फट ती बुजविते. येथे एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. लोकर जलाभेद्य नाही. ती आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ व ओल शोषून घेऊनही ओलसर लागत नाही, हे खरे. परंतु खोल बर्फात चालावयाचे असेल तर तिच्यावर पाणी न शिरणारे वेष्टन हवेच.

आता प्रश्न येतो तो मापाचा. पट्टी सैल झाली तर घसरून बुटात गोळा होते. मग ती घट्टच विणली तर? हा विचार मनात येणे साहजिक आहे. परंतु तो धोक्याचा आहे. पोटरी आवळली गेली की पावलाकडे जाणारे रक्त मंदावते, आणि रक्तच पावलाला ऊब पोहोचवीत असते. म्हणजे उबेसाठी घातलेली वस्तूच पाय गार करू लागते. तेव्हा पट्टी धरून राहिली पाहिजे, पण आवळता कामा नये. हे दोन्ही एकाच वेळी साधावयाचे कसे?

याचे उत्तर विणीतच आहे. ‘विणणे’ हा शब्द आपण कापडासाठीही वापरतो. परंतु मागावरचे विणणे आणि सुयांवरचे विणणे यांत मोठा भेद आहे. गिरगावाच्या शेजारी ताडदेव येथे कावसजी दावर यांची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. ती मुंबईची पहिली कापड गिरणी होय. मागावरच्या कापडात उभ्या धाग्यांतून आडवे धागे जातात, आणि दोन्ही ताणून बसविलेले असतात. म्हणून असे कापड फारसे ताणले जात नाही. सुयांवरच्या विणीत मात्र एकच धागा असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओवला जातो, आणि अशा फासांच्या ओळीवर ओळी चढत जातात. फास वाकडा असतो. तो ओढला की सरळ होऊ पाहतो, सोडला की पुन्हा वळतो. म्हणून विणलेला मोजा पायाच्या आकाराला जुळवून घेतो.

टाके दोन प्रकारचे असतात. नवा फास जुन्या फासातून पुढच्या बाजूला ओढून घेतला, म्हणजे सुलट टाका होतो. मागच्या बाजूला ढकलला, म्हणजे उलट टाका होतो. खरे पाहता हे दोन टाके वेगळे नाहीतच. एका बाजूने जो सुलट, तोच दुसऱ्या बाजूने उलट. दोन टाके सुलट, दोन उलट, असे एकावर एक नेमाने विणीत गेले, की सुलट टाक्यांचे उभे स्तंभ पुढे येतात आणि उलट टाक्यांचे स्तंभ मागे दडतात. कापड आपोआप चुण्यांनी मिटते. वाजविणाऱ्याने पेटीचा भाता उघडावा आणि हात काढताच त्याने मिटावे, तसे हे घडते. चुण्यांत दडलेले स्तंभ ही या पट्टीची शिल्लक होय. पोटरी रुंद असेल तेथे ती शिल्लक उघडते, अरुंद असेल तेथे मिटून राहते. चुण्यांमध्ये अडकलेली हवा ऊबही राखते. स्वेटरच्या मनगटाशी आणि कमरेशी हीच वीण का घालतात, हे आता तुमच्या लक्षात येईल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मध्यम जाडीची लोकर आणि 8 नंबरच्या दोन सुया घ्याव्यात. या जुन्या मोजणीत सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक असते. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड भरते. 50 ग्रॅमचे दोन गुंडे जोडीला पुरून उरतात.

प्रथम नमुन्याचा लहान चौकोन विणावा, तो हलक्या हाताने पसरावा आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. प्रत्येकाचा हात निराळा असतो. कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. म्हणून दुसऱ्याचा हिशेब आपल्या उपयोगी पडत नाही. समजा, 22 टाके भरले आणि ज्याच्यासाठी विणावयाचे त्याच्या पोटरीचा घेर 30 सेंटिमीटर आहे. पट्टी घेरापेक्षा सुमारे 15 टक्के कमी ठेवावी, म्हणजे साडेपंचवीस सेंटिमीटर. त्यासाठी 56 टाके लागतात. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका जाणार, म्हणून आणखी 2 घ्यावेत. असे 58 टाके सुईवर घालावेत.

पहिली ओळ दोन सुलट, दोन उलट अशी विणीत जावे. शेवटी उरलेले दोन टाके सुलट विणावेत. काम उलटवून दुसरी ओळ दोन उलट, दोन सुलट अशी न्यावी आणि दोन उलट टाक्यांनी संपवावी. पुढे याच दोन ओळी पुन्हा पुन्हा विणावयाच्या. नवख्याने एक खूण ध्यानात ठेवावी : समोरचा टाका जसा दिसेल तसाच विणावा. सुमारे 45 ओळींत 15 सेंटिमीटर उंची भरते. मग टाके बंद करावेत, पण सैल हाताने. येथे हात आवळला, तर सगळी वीण लवचीक राहूनही काठ मात्र दोरीसारखा पोटरीत रुतेल. शेवटी पट्टी दुमडून दोन्ही कडा शिवाव्यात. प्रत्येक कडेचा एकेक सुलट टाका शिवणीत गेला, की उरलेले दोन सुलट टाके शेजारी येतात आणि जोड दिसेनासा होतो. ती धुताना पाणी कोमट असावे. गरम पाण्यात चोळल्यास लोकर आटते व घट्ट होते. पट्टी पिळू नये. सावलीत पसरून वाळवावी.

एका पट्टीत 2,610 टाके आणि जोडीत 5,220 टाके होतात. त्यांतील एक जरी चुकला, सुलटाच्या जागी उलट पडला, तर तो स्तंभ तेथे तुटतो व चुणी विसकटते. अशा वेळी त्या टाक्यापर्यंत मागे यावे, उसवावे आणि पुन्हा विणावे. मागावरचे कापड फाडले, तर धागा तुटतो. उसवलेली लोकर मात्र जशीच्या तशी गुंड्यावर परत येते. केलेले काम उसवताना जिवावर येते. तरीही उसवणारा हात शेवटी अधिक चांगले विणतो, असाच अनुभव आहे.

या लहानशा कामाची खरी किंमत देशाला एकदा फार कठीण प्रसंगी कळली. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चिनी सैन्याने लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर हल्ला चढविला. आपल्या अनेक जवानांजवळ त्या उंचीवरील थंडीला पुरेसे कपडे नव्हते. 18 नोव्हेंबरला मेजर शैतान सिंग आणि त्यांचे कुमाऊँ पलटणीतील जवान लडाखमधील रेझांग ला येथे 16,000 फुटांहून अधिक उंचीवर प्राणपणाने लढले. त्याच महिन्यात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक म्हणू लागले. मदत केवळ राजधानीतूनच गेली नाही. देशभर घराघरांतून आणि शाळांतून स्त्रिया व मुली स्वेटर, मोजे आणि कानटोप्या विणू लागल्या. मुंबईतल्या कितीतरी विणणाऱ्यांनी बर्फ कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. आपली लोकर कोणाच्या अंगावर चढणार, हे त्यांना ठाऊक नव्हते. तो जवान परत येईल की नाही, हेही ठाऊक नव्हते. तरी टाके मोजूनच घालावे लागले, कारण थंडीला विणणाऱ्याची भावना कळत नाही. तिला केवळ वीण कळते.

दुसऱ्याचे दुःख आपण प्रत्यक्ष भोगलेले नसले, तरी त्याचे माप घेता येते. त्यासाठी विचारावे लागते, मोजावे लागते आणि आपला हात घट्ट की सैल हेही ओळखावे लागते. पुढच्या वसंतात तुमच्या चाळीतील कोणी हिमालयाकडे निघाले, तर त्याला शुभेच्छा तर द्याच. पण आधी त्याच्या पोटरीचा घेर विचारून ठेवा.

स्वाध्याय

1. गिरगावात थंडी नसतानाही लोकरीचे विणकाम का टिकले असावे?
2. घट्ट पट्टीने पाय अधिक गार का पडतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. मागावरचे कापड व सुयांवरची वीण यांतील भेद चार वाक्यांत सांगा.
4. पोटरीचा घेर 34 सेंटिमीटर असल्यास किती टाके घालावे लागतील? टाक्यांच्या संख्येला 4 ने भागल्यावर बाकी 2 उरली पाहिजे, हे ध्यानात ठेवा.
5. ‘थंडीला विणणाऱ्याची भावना कळत नाही; तिला केवळ वीण कळते’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
6. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, त्यांनी दुसऱ्यासाठी हाताने केलेल्या एखाद्या वस्तूची हकीगत लिहून आणा.