आमच्या बोळाची जन्मकुंडली

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण कॉलेजचं ग्राऊंड किती वेळा मोजलं असेल! पण आपण राहतो ती गल्ली कधी वसली, तिथे आधी कोण राहायचं, हे कसं शोधायचं ते सिलॅबसमध्ये नाही. नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा मी ते शिकायला घेतलं. आजी नेहमी म्हणते, "हा वाडा माझ्या आजेसासऱ्यांनी बांधला." म्हटलं, पडण्याआधी खात्री करून घेऊ.

पहिली पायरी म्हणजे घर स्वतः. मी माळ्यावर चढले. मंगलोरी कौलावर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हा आकडा! मी आनंदाने ओरडलेच. नंतर कळलं की १८६५ हे त्या कारखान्याच्या स्थापनेचं साल, कौलाचं नव्हे. म्हणजे कौलं त्यानंतर कधीही बसवलेली असू शकतात. धडा पहिला : शिक्क्यावरून फक्त "याच्या आधी नाही" एवढंच सिद्ध होतं. शिवाय १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्यानंतर बऱ्याच भिंती नव्याने उभ्या राहिल्या. म्हणून भिंत जुनी दिसली तरी सांभाळून!

दुसरी पायरी सिटी सर्व्हे ऑफिस. तिथे प्रॉपर्टी कार्ड, म्हणजेच मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावर क्षेत्रफळ, धारकाचं नाव आणि वेळोवेळी झालेले फेरफार असतात. मात्र सिटी सर्व्हे नंबर आणि पालिकेचा घर नंबर वेगळे असतात, ते आधी जुळवून घ्या. मी पहिल्यांदा शेजारच्या घराचंच कार्ड काढून आणलं होतं!

तिसरी पायरी खरेदीखत. फेरफारात तारीख मिळाली की त्यावरून दस्त शोधता येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, त्यामुळे आशा असते. आमचा दस्त १९२६ चा निघाला, आणि तोही मोडीत! मी कॉन्व्हेंटवाली. मला देवनागरी जोडाक्षरंच जड जातात, मोडी कुठली येणार? शेवटी ओळखीच्या एका मोडी जाणणाऱ्या काकांनी वाचून दिला.

दस्तातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याचे, उत्तरेस बोळ. म्हणजे एका दस्तात शेजाऱ्यांची नावंही सापडतात. शेजारच्या घराचा दस्त मिळाला की त्यात परत आपलं घर येतं. ट्रॅव्हर्स क्लोज करतो ना, अगदी तसंच. चार दस्तांत माझ्या बोळाचा अर्धा नकाशा तयार झाला.

पण या सगळ्या कागदांत एक मोठी खोट आहे. त्यांत मालक असतात, भाडेकरू नसतात. आमच्या वाड्यात एकेकाळी नऊ बिऱ्हाडं होती. प्रॉपर्टी कार्डावर त्यांतलं एकही नाव नाही. ती शोधायची तर भाडेपावत्या, जुन्या मतदार याद्या, लग्नपत्रिका, आणि मुख्य म्हणजे म्हातारी माणसं. खरं तर ही पायरी पहिली हवी होती, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकू मी विचारायला जायच्या आधीच गेल्या.

आणि वाडा? तो आजेसासऱ्यांनी बांधला नव्हता, विकत घेतला होता, एका विधवा बाईंकडून. आजीला हे सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग ती बाई इथून कुठे गेली गं?"

अजून उत्तर सापडलेलं नाही. पुढच्या महिन्यात आम्हीही सामान हलवतोय. तुमच्या घरी कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर ऑफिसात नंतर जा. आधी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा.