सहलीचा हिशोब: खर्चाच्या वहीत कर्बवायूचाही रकाना हवा

शाळांच्या परीक्षा संपतात, बाजारात उन्हाळी मंदी येते आणि घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचे? कोणी कोकणातील गावी जातो, कोणी महाबळेश्वर-माथेरानला, तर ज्याच्या हातात चार पैसे खुळखुळतात तो दुबईचे तिकीट काढतो. वर्षभर दुकानात किंवा कारखान्यात राबणाऱ्या माणसाने आठ दिवस बायकामुलांना घेऊन बाहेर पडावे, यात गैर काहीच नाही. उलट ते आवश्यक आहे. परंतु व्यापारी माणूस कोणताही खर्च हिशोबाविना करीत नाही. प्रवासाचा एक खर्च मात्र असा आहे की तो आपल्या वहीत कधीच चढत नाही. तो म्हणजे आपल्या प्रवासामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू. त्यालाच हल्ली 'कार्बन फूटप्रिंट' म्हणतात. हा हिशोब कसा मांडावा आणि तो कमी कसा करावा, हे या लेखात आम्ही सोप्या आकड्यांत सांगणार आहोत.

व्यापाऱ्याला याचे काय?

काही वाचक म्हणतील, हे विषय शास्त्रज्ञांचे आणि सरकारचे. आमचा काय संबंध? त्यासाठी माथेरानचेच उदाहरण घेऊ.

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरच्या या डोंगरी मार्गासाठी भांडवल घातले ते मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभाई यांनी, आणि ती उभारण्याचे काम पाहिले त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. एका व्यापारी घराण्याने घातलेल्या या पैशावर पुढे शंभर वर्षे एका गावाचा बाजार चालला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या मार्गाचे मोठे नुकसान झाले आणि गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसाळ्यात रूळांखालची जमीन पुन्हा वाहून गेली. नेरळपासूनची गाडी सुरू झाली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. ज्यांचे दुकान त्या गाडीच्या प्रवाशांवर चालते, त्यांना या बंद वर्षांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. कापड, किराणा, विजेची उपकरणे, जे खालच्या मजल्यावर होते ते चिखलात गेले.

एखाद्या ठरावीक पावसाचा दोष सरळ तापमानवाढीवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण एवढे पक्के आहे की हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते, आणि जेव्हा पाऊस कोसळतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळतो. औद्योगिक युगाच्या आधीच्या तुलनेत पृथ्वी एक अंशाहून जास्त तापलेली आहे. याचा फटका आधी कोणाला बसतो? ज्याचा माल तळमजल्यावर आहे आणि ज्याचा विमा नाही, त्याला. म्हणून हा विषय आपला आहे.

हिशोबाचे मूळ

एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. ते जळले की हवेत सुमारे २.३ किलो कर्बवायू जातो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून जास्त कसे निघाले, असा प्रश्न पडेल. कारण असे की पेट्रोलमधील कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ भाग वायू तयार होतो. डिझेलचा आकडा लिटरला सुमारे २.७ किलो आहे. विमानाचे इंधन एक किलो जळले की ३.१६ किलो कर्बवायू निघतो. आपल्याकडील वीज बहुतांशी कोळशाची असल्यामुळे एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम धरावेत. एवढे आकडे पाठ असले की कोणीही आपला हिशोब स्वतः मांडू शकतो.

आता वाहनांचा भाव पाहू. एका माणसाला एक किलोमीटर नेण्यासाठी साधारण किती कर्बवायू लागतो?

१) लिटरला १५ किलोमीटर चालणारी मोटार: एकटाच बसला तर सुमारे १५० ग्रॅम; पाच जण बसले तर माणशी ३० ग्रॅम.

२) विमान: ताशी सुमारे अडीच टन इंधन जाळणारे १८० आसनांचे विमान धरले, तर मुंबई-दिल्ली दोन तासांच्या उड्डाणात आसनामागे ८८ किलो, म्हणजे किलोमीटरला ७५ ते ८० ग्रॅम.

३) भरलेली डिझेल एस. टी. बस: माणशी सुमारे १५ ग्रॅम.

४) विजेवरची लांब पल्ल्याची रेल्वे: साध्या डब्यात माणशी १० ते २० ग्रॅम. वातानुकूलित डब्यात माणसे कमी आणि वीज जास्त, म्हणून त्याहून अधिक.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. रेल्वे आणि एस. टी. सर्वांत हलक्या. आणि मोटार चांगली की वाईट, हे मोटारीवर नव्हे तर तिच्यात किती माणसे बसली यावर ठरते. एकटा मोटारीने जाणारा माणूस किलोमीटरमागे विमानातल्या प्रवाशाहूनही जास्त वायू सोडतो. विमानाची खरी अडचण अशी की ते दोन-तीन तासांत हजारो किलोमीटर नेते. शिवाय उंचावर ते पांढऱ्या वाफेची जी रेघ मागे ठेवते, तीही उष्णता अडवून धरते. म्हणजे विमानाचा बोजा वरच्या आकड्यापेक्षा जड आहे.

ठिकाण निवडताना निम्मा हिशोब होतो

समजा, मुंबईतील पाच जणांचे एक कुटुंब आहे. ते स्वतःच्या मोटारीने माथेरानच्या पायथ्यापर्यंत गेले. जाऊन-येऊन १६० किलोमीटर, पेट्रोल अकरा लिटरच्या आत, कर्बवायू सुमारे २५ किलो. हेच कुटुंब लोकलने नेरळला गेले तर आकडा आणखी खाली येतो. आता तेच कुटुंब दुबईला गेले असे धरा. तीन तासांचे उड्डाण, माणशी एका बाजूचे सुमारे १३० किलो. पाच जणांचे जाऊन-येऊन १३०० किलो, म्हणजे माथेरानच्या पन्नासपट. भारतात एका माणसामागे सगळ्या कामांचा मिळून वर्षाचा कर्बवायू सुमारे दोन टन पडतो. एका आठवड्याच्या सहलीत त्याचा दोन-तृतीयांश भाग संपला.

हॉटेलात टॉवेल रोज धुवायला टाकू नका, प्लास्टिकची बाटली घेऊ नका, हा उपदेश चांगलाच आहे. परंतु तो चिल्लरचा हिशोब झाला. नोटांचा हिशोब तीन प्रश्नांत आहे: किती दूर? कशाने? किती वेळा?

मुक्कामातील एकच खर्च मात्र चिल्लर नव्हे, तो म्हणजे एअर कंडिशनर. खोलीतला ए. सी. रात्रभरात दहा युनिट खाऊ शकतो, म्हणजे सात किलो कर्बवायू. चार रात्रींचे २८ किलो झाले, वरच्या मोटारीच्या प्रवासाहून जास्त. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन ए. सी. लावणे म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली हवा दाराबाहेर ठेवणे होय.

खरेदीच्या फेऱ्या

आपल्या वाचकांचा बराचसा प्रवास सुट्टीचा नसून धंद्याचा असतो. समजा, एक व्यापारी दिल्लीच्या सदर बाजारातून माल आणतो आणि वर्षातून चार वेळा विमानाने जातो. त्याचे वर्षाचे सुमारे ७०० किलो होतात. तोच रेल्वेने गेला तर १७० किलोच्या आसपास. नमुने कुरिअरने मागवून, भाव फोनवर ठरवून त्याने चारच्या दोन फेऱ्या केल्या, तर ८५ किलो. सातशेचे पंच्याऐंशी झाले आणि धंद्यातला एक कागदही कमी झाला नाही.

प्रदर्शनात माल मांडणाऱ्या कारागिरांनीही हा विचार करावा. एकाच मोहल्ल्यातील चार कारागीर चार गाड्या करून एकाच प्रदर्शनाला जातात, हे नेहमीचेच आहे. चौघांचा माल एका टेम्पोत किंवा रेल्वेच्या पार्सलने आणि माणसे रेल्वेने गेली, तर भाडेही वाचते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. खिशाचा फायदा आणि हवेचा फायदा दर वेळी एकच नसतो. कधी विमानाचे तिकीट रेल्वेच्या वरच्या वर्गाइतकेच पडते आणि दुकानाचे दोन दिवस वाचतात. अशा वेळी निर्णय ज्याचा त्याने करावा. आमचे म्हणणे एवढेच की करण्यापूर्वी दोन्ही रकाने डोळ्यांसमोर असावेत.

हजयात्रेला सहलीच्या माळेत ओवता येणार नाही. मुंबई-जेद्दा जहाजे १९९५ मध्ये बंद झाल्यापासून आपल्याकडून विमानाशिवाय मार्गही उरलेला नाही. जेद्दाच्या जाण्या-येण्यात माणशी चारशे किलोच्या पुढे वायू जातो. ते टळणारे नाही. मात्र येताना आणखी दोन देश फिरून येण्याच्या योजना आपण स्वीकारतो त्या सहली असतात, आणि त्यांचा हिशोब सहलीसारखाच मांडावा. मक्का-मदिना प्रवासासाठी २०१८ पासून विजेवरची हरमैन रेल्वेही आहे. सोय आणि ऐपत असल्यास तिचा विचार करावा.

ज्यांचा धंदाच पर्यटनाचा आहे

लोक कमी फिरले तर आमचे हॉटेल, आमची टॅक्सी, आमचे दुकान कसे चालेल, ही भीती रास्त आहे. याचे उत्तरही माथेरानच देते. दस्तुरी नाक्याच्या पुढे तेथे खासगी मोटारींना बंदी आहे. पाहुणा पायी किंवा घोड्यावर जातो, किंवा छोट्या रेल्वेने. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तीही विजेवरचीच. मोटार नाही म्हणून बाजार बसला का? चामड्याच्या चपला आणि चिक्की यांची दुकाने तेथील ओळखच आहेत. कारण पायी चालणारा माणूस दुकानासमोर थांबतो. मोटारीतला काच वर करून पुढे जातो.

तेव्हा कमी फिरणे म्हणजे कमी धंदा नव्हे. दर शनिवारी धावत येऊन रविवारी पळणाऱ्या पाहुण्यापेक्षा वर्षातून एकदा येऊन पाच रात्री राहणारा पाहुणा हवेलाही हलका आणि गावालाही लाभाचा. त्यासाठी धंदेवाल्यांनी काही गोष्टी कराव्यात:

१) तिसऱ्या रात्रीपासून खोलीचा दर कमी लावावा, म्हणजे मुक्काम वाढतो.

२) स्टेशन किंवा एस. टी. स्थानकापासून चार पाहुण्यांत एक गाडी अशी व्यवस्था ठेवावी आणि गाड्यांच्या वेळा दुकानात लावाव्यात. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आहे. एस. टी. ची विजेवरची 'शिवाई' बसही त्याच वर्षी १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. ही सोय पाहुण्याला आपण सांगितली पाहिजे.

३) रेल्वेने येणारा जड वस्तू घेत नाही. कारागिरांनी हलका, न फुटणारा आणि नीट बांधलेला माल पुढे ठेवावा. जड माल पार्सलने घरपोच धाडण्याची तयारी ठेवावी.

४) टॅक्सीवाल्यांनी टायरची हवा दर आठवड्याला तपासावी, उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे आणि वेग आवरता ठेवावा. यात वाचलेले तेल थेट नफ्यात जमा होते.

झाडे लावून फिटेल का?

तिकिटाबरोबर थोडे पैसे द्या, आम्ही तुमच्या नावाने झाडे लावू, अशा योजना आता निघाल्या आहेत. झाडे लावणे चांगलेच. पण रोप मोठे व्हायला वर्षे लागतात आणि मधल्या उन्हाळ्यात बरीच रोपे मरतात. वायू मात्र आजच हवेत गेलेला असतो. उधारीवर माल उचलून फेड नशिबावर सोडण्याचा हा व्यवहार आहे. आधी खर्च कमी करावा, मग राहिलेल्यासाठी झाड लावावे.

वाचक बंधूंनो, या सुट्टीच्या आधी एक काम करा. वहीचे एक पान घ्या. गेल्या वर्षी घरातले आणि दुकानातले मिळून किती प्रवास झाले, किती किलोमीटर, कशाने आणि किती जण, हे लिहा. वरील आकड्यांनी गुणा. मग त्यातील कोणती फेरी टाळता आली असती, कोणत्या दोन फेऱ्या एकत्र झाल्या असत्या, कोणती रेल्वेने झाली असती, यावर खूण करा. यंदा त्यांतल्या एका खुणेवर तरी अंमल करा. तोट्याची बाब कोठे आहे हे वहीत एकदा दिसले की व्यापाऱ्याला ती बंद करायला कोणी शिकवावे लागत नाही.