कार्ड मावेना, गिऱ्हाईक थांबेना

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात उतरलेल्या तरुणांसाठी आज एक रोजचीच अडचण घेतो. गिऱ्हाईक नवे ग्राफिक्स कार्ड घेते, आपण कॅबिनेट उघडतो आणि कार्ड दोन बोटे लांब निघते. सील फुटलेला माल व्यापारी परत घेत नाही. नफा तर जातोच, गिऱ्हाईकही जाते.

आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग करणारा एक तरुण आला होता. त्याच्यासाठी आम्हीच तीन पंख्यांचे, ३२० मि.मी. लांबीचे कार्ड मागवले. त्याच्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा होती २९५ मि.मी. चूक आमचीच होती, कारण टेप लावलीच नव्हती. पिंजरा स्क्रूचा असता तर पाच मिनिटांचे काम होते, पण तो रिबिटांचा निघाला. मदरबोर्ड बाहेर काढून ड्रिलने रिबिटा उडवल्या आणि आतला लोखंडी कीस ब्रशने झाडून घेतला. मदरबोर्ड आत ठेवून ड्रिल कधीही चालवू नका. किसाचा एक कण दोन टाक्यांत अडकला तरी शॉर्ट होतो. हार्ड डिस्क तळाला बसवली आणि कार्ड बसले. दिवसभराची मजुरी मात्र आम्ही मागू शकलो नाही.

माप कसे घ्यावे? मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून समोर जे पहिले अडेल तिथपर्यंत, आणि तेही ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसणार त्याच उंचीवर. कॅबिनेटच्या खोक्यावर छापलेल्या लांबीवर विसंबू नये. पुष्कळदा ती समोर पंखा नाही असे धरून दिलेली असते. साधा पंखाच २५ मि.मी. खातो, पाण्याचा रेडिएटर असेल तर त्याहून जास्त. शिवाय कार्ड तिरके करून आत घालावे लागते, म्हणून १५-२० मि.मी. मोकळे हवेत.

जाडीकडे फार कमी लोक पाहतात. एका स्लॉटची जागा २०.३२ मि.मी. असते. २०२२ मध्ये आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे मूळ कार्ड ३०४ मि.मी. लांब आणि तीन स्लॉट जाड आहे, म्हणजे सुमारे ६१ मि.मी. पंख्यांच्या खाली हवेला वाट राहिली नाही तर कार्ड बसूनही तापते आणि मंद चालते. वीजजोडणीची केबल कार्डाच्या कडेला असेल तर दाराकडचे अंतरही मोजा. दार दाबून लावले की केबल जोडणीपाशीच मोडल्यासारखी वळते. त्याच वर्षी या कार्डांच्या नव्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. जोडणी पूर्ण आत न बसणे हे त्यांचे एक कारण निघाले.

ऑफिसातून निघालेली जुनी, बारीक अंगाची मशिने आपल्या बाजारात खूप येतात. त्यांना लो प्रोफाइल कार्डच लागते. त्याची पट्टी सुमारे ८० मि.मी. असते, नेहमीच्या कार्डाची १२०. खोक्यात दुसरी छोटी पट्टी आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे. या मशिनांची पॉवर सप्लाय लहान असते आणि कार्डासाठी वेगळी केबल सहसा नसते. स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात. म्हणून त्या हिशेबात बसणारेच कार्ड द्यावे. २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॅटचे आहे, आणि त्याच्या लो प्रोफाइल आवृत्त्याही निघाल्या.

कार्डाचे कव्हर कापून बसवून द्या, असे सांगणारेही भेटतात. आम्ही नकार देतो, कारण वॉरंटी जाते आणि पुढे दोष आपल्यावर येतो. कॅबिनेट बदलणे कार्डाच्या किमतीपुढे स्वस्त पडते. रायझर केबलने कार्ड उभे करता येते, पण काचेच्या दाराला पंखे चिकटले तर हवा कोंडते.

आता आम्ही ॲडव्हान्स घेण्याआधी गिऱ्हाईकाला कॅबिनेट दुकानात आणायला सांगतो आणि आतली लांबी, जाडी व दारापर्यंतचे अंतर पावतीच्या मागे लिहून त्याची सही घेतो.