जुन्या बुलेटचे भाग लेथवर करून घ्यावेत का?

प्रश्न : माझ्या वडिलांची 1973 सालची 350 बुलेट मी पुन्हा रस्त्यावर आणतो आहे. मागच्या ब्रेकच्या कॅमचं भोक मोठं झालंय, दोन-तीन ठिकाणचे आटे गेलेत, टूलबॉक्सचा ब्रॅकेट गंजून संपलाय आणि पुढच्या चाकाचा स्पिंडल झिजलाय. आमचा टर्नर म्हणतो, "नमुना आणा, सगळं तसंच करून देतो." करून घ्यावं का? आणि त्यामुळे आरटीओत काही अडचण येईल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तुमच्या टर्नरच्या हाताबद्दल मला शंका नाही. शिवाजी उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत ज्या जिल्ह्यात आहे तिथे चांगला टर्नर मिळणं अवघड नाही. अडचण नमुन्यात आहे. पन्नास वर्षं घासलेला भाग नमुना म्हणून दिला, की झिजेसकट त्याची नक्कल होते. नवा भाग चकचकीत दिसतो, पण बसवल्यावर पहिल्याइतकाच डुगडुगतो आणि मालक टर्नरला बोल लावतो.

तुमच्या ब्रेक कॅमचंच घ्या. ब्रेक प्लेटमधून जाणारा कॅमचा शाफ्ट कायम एकाच बाजूला दाबला जातो. त्यामुळे भोक गोल न राहता लांबट होतं आणि शाफ्टही त्या पट्ट्यात झिजतो. म्हणून दोघांची मापं वेगवेगळी घ्यायची. शाफ्ट मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा. जिथे तो कशालाच घासत नाही, तिथलं माप हेच त्याचं मूळ माप. भोकाचं मूळ माप मात्र कुठेच उरलेलं नसतं, म्हणून ते मोठं करून आत बुश घालायचा. इथे नुसतं ड्रिल मारू देऊ नका, ड्रिल लांबट भोकाच्या कलानेच जातं. प्लेट लेथवर किंवा मिलिंगवर नीट बांधून, मधल्या स्पिंडलच्या भोकापासून कॅमचं अंतर आधी पक्कं करून मगच बोरिंग करायला सांगा. हे केंद्र सरकलं तर ब्रेक शू ड्रमला एका टोकाशीच टेकतात, आणि नवे लायनर घालूनही ब्रेक धड लागत नाही.

बुश फॉस्फर ब्राँझचा किंवा गनमेटलचा करा. बाहेरून तो भोकापेक्षा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाने मोठा ठेवतात, म्हणजे प्रेसने घट्ट बसतो. पण घट्ट बसताना तो आतून आवळतो! आतलं माप आधीच अचूक करून ठेवलं असेल, तर शाफ्ट त्यात शिरत नाही, आणि मग कोणीतरी पॉलिश पेपर घेऊन शाफ्टच घासायला बसतो. बुश बसवल्यानंतरच रीमर मारायचा आणि शाफ्टला तीन ते पाच शतांश मिलिमीटर मोकळीक ठेवायची. नवा शाफ्ट लागलाच तर तो साध्या एमएसऐवजी ईएन 8 चा करा. बुश शाफ्टपेक्षा मऊ असला की झीज बुशला लागते, आणि दहा वर्षांनी फक्त तो बदलावा लागतो.

आट्यांचं प्रकरण याहून फसवं आहे. बुलेट 1955 पासून मद्रासला जुळू लागली ती रेडिचच्या इंग्रज आराखड्यावरून, आणि त्याबरोबर इंचातले ब्रिटिश आटेही आले. तुमच्या गाडीत ते जागोजागी सापडतील. गॅरेजात ज्याला अडीच सुती बोल्ट म्हणतात, तो पाच सोळांश इंचाचा, म्हणजे 7.94 मिलिमीटर. त्याच्या जागी आठ मिलिमीटरचा बोल्ट एक-दोन आटे पकडतो, पाना लावून जोर केला की आणखी आत जातो, आणि जाता जाता सगळे आटे कापून टाकतो. कारण इंचामागे व्हिटवर्थला 18 आटे, बीएसएफला 22, सायकल थ्रेडला 26, तर आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टला साधारण 20. शिवाय व्हिटवर्थचा कोन 55 अंशांचा आणि मेट्रिकचा 60. तुमचे आटे अशाच जबरदस्तीने गेले असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आट्यांचा गेज विकत घ्या आणि प्रत्येक बोल्ट काढल्यावर मोजून, नाव लिहून पिशवीत ठेवा. गेलेल्या जागी भोक वाढवून मोठा बोल्ट ठोकण्यापेक्षा हेलिकॉइल बसवा, म्हणजे मूळ मापाचेच आटे परत मिळतात.

टूलबॉक्सचा ब्रॅकेट खुशाल करून घ्या. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीवर धरून बघा, मागे माणूस बसवून शॉक पूर्ण दबल्यावर काही घासत नाही ना तेही बघा, मग पत्रा कापा. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या वायरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावा. तो दूर कुठेतरी लावला आणि करंट बेअरिंगमधून गेला, तर बेअरिंग आतून डागळतं.

आता स्पिंडल. इथे माझं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असं आहे. जो भाग तुटला तर माणूस पडतो, तो अज्ञात लोखंडातून करू नये. पुढचा स्पिंडल, हँडल, फोर्कचा स्टेम, मागच्या ब्रेकचा अँकर बोल्ट हे सगळे त्यातच आले. लेथवर वळलेला स्पिंडल मापाला तंतोतंत उतरेल. पण जाड भागाकडून बारीक भागाकडे येताना कोपरा धारदार राहिला, तर खड्ड्यांचे हादरे खाऊन तडा तिथूनच सुरू होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. भंगारातल्या रॉडवर ईएन 24 असं लिहिलेलं नसतं. चकाकी हवी म्हणून असा भाग गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे क्रोमलाही देऊ नका. प्लेटिंगमध्ये कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. तो बाहेर काढायला भाग लगेच सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास भाजावा लागतो, आणि तसं करणारी दुकानं थोडी आहेत.

आरटीओचं म्हणाल, तर बुश, आटे, ब्रॅकेट ही दुरुस्ती झाली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं ते नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनाशी होते तेव्हा. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं आहे. चॅसी आणि इंजिनाच्या क्रमांकांजवळ मात्र ग्राइंडर नेऊ नका. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या दुचाकीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज क्रमांक घेता येतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, आणि तो क्रमांक घेतल्यावर ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. तुम्हाला ती चालवायची आहे, तेव्हा नेहमीच्या नोंदणीचंच नूतनीकरण करा.

बुलेट सुदैवाने अजून बनते आणि जुन्या मॉडेलचे भाग दिल्लीच्या करोल बागेतून मागवता येतात. स्पिंडल तिथून किंवा कंपनीच्या विक्रेत्याकडून विकत घ्या, आणि तो हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.