वरचा सा आणि दोन डायोड

गिटारचा सूर वरच्या सप्तकात नेणारा फझ पेडल बनवायचा, तर आधी नमुना ठरव, मग सोल्डरिंग आयर्न तापव. 1967 साली ‘पर्पल हेझ’च्या सोलोत जिमी हेंड्रिक्सनं तो चिरका, वरच्या सप्तकातला आवाज काढला, तो रॉजर मेयर यांच्या ऑक्टाव्हियातून. ती वाट ट्रान्सफॉर्मरची. फॉक्स टोन मशीन किंवा जपानी बनावटीचा युनिव्हॉक्स सुपर-फझ यांत ट्रान्सफॉर्मर नाही, ते काम ट्रान्झिस्टरच करतात. पहिलाच पेडल असेल तर फॉक्सच्या वाटेनं जा. सामान कुठेही मिळतं आणि चुकलं तर दुरुस्तही होतं.

नमुना कोणताही घे, आतली करामत एकच. सिग्नलच्या दोन प्रती करायच्या, एक सुलटी, एक उलटी. दोघींचा वरचा अर्धा भागच डायोडमधून (सुपर-फझमध्ये ट्रान्झिस्टरमधून) जाऊ द्यायचा आणि पुढे एकत्र आणायचं. चादरीची घडी घालावी तशी लाटेची खालची बाजू वर दुमडली जाते. एक उंचवटा होता तिथे दोन होतात; खालच्या ई तारेचे 82 हर्ट्झ 165 होतात. तुझ्या ॲडॅप्टरमधले डायोडही विजेला हेच करतात. म्हणून तर गिटारच्या पिकअपमध्ये शिरलेली 50 हर्ट्झची घरघर या पेडलमधून 100 ची होऊन बाहेर पडते.

आता नीट ऐक, कारण सगळा जीव इथेच आहे. दोन्ही अर्ध्या भागांची उंची सारखी हवी. एक बुटका राहिला की मूळ सूर खालून डोकावतो आणि वरचा सा पुसट होतो. डायोड मूठभर आण, दोनच आणू नकोस. मीटर डायोडवर लावून जुळणारी जोडी निवड. मोजताना डायोड बोटांत धरू नकोस, क्रोकोडाइल क्लिप लाव. अंगाच्या उबेनंही आकडा सरकतो. जर्मेनियम साधारण 0.3 व्होल्टच्या आसपास दाखवतो, सिलिकॉन 0.6 च्या. सिलिकॉन घातलास तर सूर विरताना शेपूट मध्येच तुटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 1एन34ए म्हणून जे हातात पडेल ते जर्मेनियमच असेल असं धरून चालू नकोस. शॉट्कीही कमीच आकडा दाखवतो. पण कानाला बरा लागला तर तो राहू दे. जर्मेनियमच्या नावानं वेडं होण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. खरा जर्मेनियम असेल तर पाय पकडीत धरून झटपट सोल्डर कर, त्याला उष्णता सोसत नाही.

प्रती काढणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला आणि एमिटरला सारखेच रेझिस्टर लागतात, तेही मोजून घे. नऊ व्होल्टवर कलेक्टर पावणेसातच्या आणि एमिटर सव्वादोनच्या जवळपास आला की समज जागेवर आहे. एवढं करूनही तोल थोडा ढळतोच. एमिटरची बाजू जोरकस असते, कलेक्टरची पुढचं ओझं लागलं की वाकते. म्हणून एमिटरच्या वाटेत एक ट्रिमर टाक. नेक पिकअप लाव, गिटारचा टोन पूर्ण खाली आण, बाराव्या पडद्याच्या वर एकच तार छेड आणि मूळ सूर जिथे सगळ्यात कमी ऐकू येईल तिथे ट्रिमर सोड. सुपर-फझच्या पोटातही असा ट्रिमर असतो.

डायोडच्या आधी फझ फार चढवू नकोस, ही चूक बहुतेक जण करतात. लाट पूर्ण चौकोनी झाली की दुमडून उरतं काय? सपाट रेघ आणि काठावरचे काटे. चिरडणं डायोडच्या नंतर कर, फॉक्सवाल्यांनी केलंय तसं.

ऑक्टाव्हियाच्या वाटेला गेलासच, तर भंगारातला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ शोध. त्यातला छोटा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर दोन ट्रान्झिस्टरना उलटसुलट सिग्नल पुरवत असतो, म्हणजे आपल्याला हवं तेच. एका बाजूला दोन तारा, दुसऱ्या बाजूला तीन. मधल्या तारेपासून दोन्ही टोकांचा रोध मोज. जवळपास सारखा यायला हवा. ज्याच्या एका बाजूला जेमतेम ओहम-दोन ओहम येतात तो स्पीकरचा, तो ठेवून दे. आधी ब्रेडबोर्डवर ऐकून बघ, सगळेच ट्रान्सफॉर्मर चांगले बोलत नाहीत.

दोन स्वर एकदम वाजवलेस तर त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन गोंगाट होईल. तो दोष नाही, पेडलचा स्वभावच आहे. नको असेल तेव्हासाठी एका डायोडच्या वाटेत छोटा स्विच बसव. वाट तोडली की वरचा सा मागे सरतो आणि खरखरीत फझ हाताशी राहतो. त्या स्विचचं भोक मात्र बोर्ड डब्यात बसवण्याआधी पाड, नाहीतर ॲल्युमिनियमचा कीस ट्रॅकमध्ये अडकेल आणि तू दिवसभर डायोडच बदलत बसशील.